'व्हेंटिलेशन ट्यूब'ला मराठीत काय म्हणावं?

गिरगावकर: मावशीच्या डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय, वय ५८. संमतीपत्रावर छापलं होतं 'मध्यकर्ण वायुवीजन नलिका रोपण'. तिला कळेना, म्हणून सिस्टर म्हणाल्या, "व्हेंटिलेशन ट्यूब टाकणार." मावशीने पेनच खाली ठेवलं. २०२१ मध्ये काका व्हेंटिलेटरवर गेले ते परत आले नाहीत. तो कागद मी नव्याने लिहून देणार आहे. शब्द सुचवा.

माहीमकर: 'हवा खेळती ठेवणारी नळी'. नाकामागून मध्यकर्णात जाणारी युस्टेशियन नळी गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. ती उघडेनाशी झाली की आतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो, पाणी झिरपतं. म्हणून पडद्यातून वाट करून द्यायची.

लोहार चाळ: 'ग्रॉमेट'च लिहा. वायर सोलू नये म्हणून पत्र्याच्या भोकात रबरी कडी बसवतो, तिलाही आम्ही ग्रॉमेटच म्हणतो. मला बसवायच्या आधी डॉक्टरांनी हातावर ठेवून दाखवला होता: तांदळाच्या दाण्याहून लहान, दोऱ्याच्या रिळासारखा, मधे भोक. 'नळी' म्हटलं की सलाईन डोळ्यासमोर येतं.

परिभाषा: संमतीपत्र कायद्याचा कागद आहे, तिथे पारिभाषिक शब्दच हवा. शिवाय आता नाकातून फुगा घालून युस्टेशियन नळीच रुंद करतात. दोन मिनिटं फुगवून काढून घेतात, पडद्याला छेदही नाही. हवा त्यानेही खेळती होते. मग दोन्ही ऑपरेशनांना एकच नाव देणार?

माहीमकर: वीजन म्हणजे पंख्याने वारा घालणं. कानात वारा कोण घालतंय? पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा करतात. तुमचा पारिभाषिक शब्द अर्थालाही धरून नाही.

गिरगावकर: मावशी पहिल्या दिवसापासून एवढंच म्हणते, "कानाला दडा बसलाय." निदान आजाराचं नाव तरी तिच्या शब्दांत लिहू का?

बोरघाट: दडा? खंडाळ्याला गाडी चढली की 'दडे' बसतात. एकवचन ऐकलं नाही.

माहीमकर: अलिबागकडे एका कानाला दडा, दोन्हींना दडे.

बोरघाट: एका कानालाही दडेच. 'कानठळी बसली' म्हणतं का कोणी?

लोहार चाळ: आई म्हणायची, "कानात दट्ट्या बसलाय." दडा त्यावरूनच आला असणार.

परिभाषा: दट्ट्याचा संबंध नसावा. तो बाहेरून ठोकतात. दडा 'दडपणे'मधला असावा, कान आतून दडपतो.

लोहार चाळ: मग दडपा का नाही झाला?