मदत हवी आहे: लेकीच्या फिट्ससाठी सीबीडी सुरू करण्याआधी
माझ्या लेकीला ड्राव्हे सिंड्रोम आहे, म्हणजे लहानपणापासून वारंवार फिट्स येणारा दुर्मिळ जनुकीय आजार. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम ही फिट्सची औषधं चालू असूनही फिट्स थांबत नाहीत. जरा अंग गरम लागलं की फिट येईल या भीतीने सगळं घर जागं. आता न्यूरॉलॉजिस्ट सीबीडी, म्हणजे गांजाच्या झाडातला कॅनाबिडिऑल हा घटक, सुरू करूया म्हणतात. अमेरिकेत २०१८ साली एपिडिओलेक्स या शुद्ध सीबीडीच्या औषधाला याच आजारासाठी मान्यता मिळाली, त्यामुळे हा ऐकीव उपाय नाही. नशा आणतो तो गांजातला दुसरा घटक, टीएचसी; सीबीडी नव्हे. तरी नातेवाईक ‘पोरीला गांजा देणार?’ असं बोलतात, ते फार लागतं.

ज्यांच्या मुलांना हे चालू आहे त्यांनी कृपया सांगा. क्लोबाझामसोबत दिल्यावर गुंगी किती वाढली, त्याचा डोस कमी करावा लागला का? आमची आत्ताच जेवता जेवता ताटावर मान टाकते, म्हणून हीच भीती जास्त आहे. व्हॅल्प्रोएटबरोबर लिव्हर एन्झाइम्स वाढू शकतात, तर रक्ततपासणी किती दिवसांनी करायला सांगितली होती? जुलाब, भूक मंदावणं? सीबीडीचं तेल जेवणाबरोबर देता की उपाशीपोटी?

दुकानातलं हेम्प ऑइल मात्र कुणी सुचवू नका. त्यात सीबीडी नेमकं किती, याचा भरवसा नसतो.