जुन्या लॅपटॉपला त्याच्याच काळातली सिस्टीम घालावी, असं माझं मत. पटतंय का?

जुनंखोड (धागाकर्ता)
लॅपटॉप २०१२ चा. तिसऱ्या पिढीचा आय-५, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. आला तेव्हा विंडोज ७ होती. पुढे फुकट मिळतेय म्हणून १० वर नेला आणि तेव्हापासून त्याला धाप लागली. टास्क मॅनेजर उघडावा तर डिस्क कायम १०० टक्के. बटण दाबून आंघोळ उरकून यावं, तरी गोल फिरतच असायचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्टही संपला, आणि ११ साठी हे यंत्र अपात्र. मग गेल्या आठवड्यात सगळं पुसून परत ७ टाकली. मिनिटभरात चालू होतो! जुना स्कॅनरही पहिल्या फटक्यात चालला. त्याचा ड्रायव्हर कंपनीने ७ नंतर काढलाच नाही. घड्याळ तेवढं रोज मागे जातं, ते हाताने लावतो.

तर मत असं: यंत्र ज्या सिस्टीमसाठी बनलं तीच त्याला मानवते. बाकी सगळं म्हणजे आजोबांना शंभर मीटर पळायला लावणं. विरोधी मतं येऊ द्यात.

टर्मिनलवाला
त्याला नेट जोडलंय का? नसेल तर माझं काही म्हणणं नाही, सुखाने स्कॅन करा.

जोडलं असेल तर ऐका. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, फायरफॉक्सची ११५. म्हणजे सिस्टीमला ठिगळ नाही आणि ब्राउझर कायमचा मागे. 'चालतंय' आणि 'मानवतंय' यात फरक आहे. दार बंद होतं म्हणून कुलूप आहे असं होत नाही.

लिनक्स मिंट या फुकट सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घाला. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, २ जीबी रॅमवर चालते, ४ वर बरी चालते. आणि काहीही न पुसता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते.

जुनंखोड
आलेच लिनक्सवाले. सात मिनिटं लागली!

बँकेचं काम मी फोनवर करतो. लॅपटॉपवर पत्रं, फोटो, स्कॅनिंग आणि थोडं वाचन. माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?

तळटीप
सगळे हेच म्हणतात. चोराला तुमचे फोटो नको असतात, तुमचा ईमेल हवा असतो. त्यावरून बाकीचे पासवर्ड बदलता येतात. 'थोडं वाचन' करताना ईमेल उघडा असतोच ना?

दुसरं, नवीन टाकलेल्या ७ ला जुने अपडेट तरी मिळाले का, ते तपासलंत? २०१९ पासून मायक्रोसॉफ्टचे अपडेट फक्त शा-२ या नव्या डिजिटल सहीचे येतात. सर्व्हिस पॅक १ (२०११ चा सुधारणांचा गठ्ठा) असलेली कोरी ७ ती सही ओळखत नाही. त्यासाठीची दोन अपडेट आधी हाताने टाकावी लागतात. ती नसतील तर तुमचं यंत्र २०१२ चं असेल, पण सिस्टीम २०११ ची आहे.

जुनंखोड
हे माहीत नव्हतं. तपासलं. एकही अपडेट आलेला नाही. एरर येतोय. (मत बदललेलं नाही, फक्त माहिती देतोय.)

अकराव्याबारा
इतका काथ्याकूट कशाला? रुफस नावाच्या प्रोग्रॅमने इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम (सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूटची (सुरू होतानाच्या तपासणीची) अट काढून टाकायची खूण करता येते. सरळ विंडोज ११. माझ्याकडे चौथ्या पिढीच्या आय-३ वर दीड वर्ष चालू आहे, दर महिन्याचे अपडेट बिनबोभाट येतात.

टर्मिनलवाला
महिन्याचे येतात, वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. तिच्यासाठी दरवेळी तोच पेनड्राइव्हचा खेळ. शिवाय अपात्र यंत्राला अपडेट मिळतीलच अशी हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. आणि ही वाट वाचणाऱ्या प्रत्येकाला उघडी नाही. ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ (प्रोसेसरच्या काही अंगभूत आज्ञा) लागतं. धागाकर्त्यांच्या आय-५ मध्ये ते आहे, पण त्याहून जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवर सिस्टीम उठणारच नाही, रुफस काय करणार?

अकराव्याबारा
कोअर टू ड्युओ कोण वापरतंय आता!

मूकवाचक
मी 🙋

घरचा_इंजिनीअर
लिनक्सच्या बाजूने इतक्या हिरिरीने बोलणाऱ्यांना एक प्रश्न. बसवून दिल्यावर पुढचे फोन कोण घेतं? मामांच्या लॅपटॉपवर मी मिंट घातलं. वेग झकास. पण त्यांच्या हिशोबाच्या एक्सेल फायलींत मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) होते, लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये त्यातले निम्मे गप्प बसले. मामा रोज संध्याकाळी फोन करायचे. तीन आठवड्यांनी मी हात जोडले आणि विंडोज १० परत टाकली. ज्याला वापरायचंय त्याच्या सवयीला जे झेपतं ते खरं. सवय मोडणं ही रॅम वाढवण्यापेक्षा अवघड गोष्ट आहे.

आणि १० लगेच मेलेली नाही. घरगुती वापराला मुदतवाढीचा कार्यक्रम आहे, त्यात नाव नोंदवलं की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. अट एवढीच की आवृत्ती २२एच२ हवी.

तळटीप
मामांचा मुद्दा मान्य. पण मुदतवाढ म्हणजे दुखणं पुढे ढकलणं, बरं करणं नव्हे.

खरं तर पहिली पोस्ट परत वाचा. डिस्क १०० टक्के! १० जड होती हे खरं, पण गळा आवळला होता तो फिरत्या डिस्कने. १० मागे सतत काहीतरी वाचत-लिहीत असते, ७ तेवढं करत नाही, म्हणून ७ हलकी वाटते. सिस्टीम कुठलीही घाला, आधी अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. खालचे चार-सहा स्क्रू, अर्ध्या तासाचं काम. रॅम ८ करता आली तर उत्तमच. लॅपटॉप म्हातारा नव्हता हो, त्याचे गुडघे गेले होते.

अकराव्याबारा
+१. यावर तरी भांडण नको.

जुनंखोड
एसएसडीचं पटलं. पण मग माझाच मुद्दा खरा ठरतो ना? एसएसडीवर ७ विमानासारखी उडेल. आणि स्कॅनरचं काय? त्यावर कोणीच बोलत नाही.

टर्मिनलवाला
बोलतो. लिनक्समध्ये सेन म्हणून स्कॅनरची व्यवस्था आहे. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी जुने स्कॅनर तिच्यात अजून चालतात. पेनड्राइव्हवरून मिंट चालू करा, 'डॉक्युमेंट स्कॅनर' उघडा, स्कॅनर जोडून बघा. चालला नाही तर मी गप्प बसेन.

जुनंखोड
करून आलो. स्कॅनर चालला. च्यायला.

पण वायफाय दिसत नाही! म्हणजे घी देखा लेकिन बडगा नहीं देखा. याला सुसंगत म्हणायचं?

टर्मिनलवाला
ब्रॉडकॉमची चिप असणार. तिचा ड्रायव्हर खुला नाही, म्हणून आपोआप चढत नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा, नेट येईल. मग 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, तो स्वतःच सुचवेल.

घरचा_इंजिनीअर
बघा. हा फोन मामांनी मला केला होता.

टर्मिनलवाला
एकदाच करावा लागतो!

घरचा_इंजिनीअर
मामाही असंच म्हणायचे. प्रत्येक वेळी.

मूकवाचक
माझ्या कोअर टू ड्युओचं कोणी बोलेल का? २ जीबी रॅम.

टर्मिनलवाला
प्रोसेसर ६४-बिट आहे, अँटीएक्स हे हलकं लिनक्स घाला. ब्राउझरचे दोनच टॅब उघडा, तिसऱ्याला घुसमटेल. ३२-बिटवाल्यांची वाट मात्र आक्रसत चालली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सने ३२-बिटचा इन्स्टॉलर बंद केला.

शंकासुर
सगळा धागा वाचला. धागाकर्ते, 'घड्याळ रोज मागे जातं' हे तुम्ही ओघात लिहून गेलात. किती मागे?

जुनंखोड
१ जानेवारी २०१२. रोज. का?

शंकासुर
१० वर असताना साइट उघडत नव्हत्या का? 'कनेक्शन सुरक्षित नाही' वगैरे?

जुनंखोड
हो! म्हणून तर वैतागून पुसली. म्हटलं सिस्टीमच बिघडली.

शंकासुर
मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. तारीख २०१२ ची असेल तर साइटचं आजचं कुठलंच सर्टिफिकेट (ओळखपत्र) ब्राउझरला खरं वाटत नाही. आणि फरक फार मोठा असेल तर विंडोज तो नेटवरून आपोआप दुरुस्तही करत नाही. एसएसडीसाठी झाकण उघडालच, तेव्हा सेलही बदला.

जुनंखोड
म्हणजे १० पुसायची गरजच नव्हती?

तळटीप
वेगासाठी होती कदाचित. साइटसाठी नव्हती.

जुनंखोड
बरं. सेल आणि एसएसडी दोन्ही मागवतो. ७ स्कॅनरसाठी ठेवणार, वायफाय बंद करून. शेजारी मिंट. पण मूळ मत मागे घेतलेलं नाही, नोंद असावी.