झुआरीच्या काठावर सापडलेला मृतदेह : कादंबरीतला तपास खरा कसा उतरेल?

फोंड्याची लेखिका

नमस्कार. मी मराठीत एक गुन्हेकथा लिहीत आहे; तिची नायिका एक पोलीस उपनिरीक्षक आहे. कथा जून २०२५ मध्ये घडते. पाऊस नुकताच धरला आहे, आणि गोव्यातल्या झुआरी नदीच्या पुलाजवळ आगशीच्या काठच्या चिखलात, पहाटे जाळे ओढायला गेलेल्या दोघांना तिशीतल्या एका स्त्रीचा मृतदेह दिसतो. तिच्या लग्नाला पाच वर्षे झाली आहेत. गळा दाबून मारल्यानंतर तिला पाण्यात टाकले आहे, पण हे वाचकाला उशिरा कळायला हवे.

माझ्या पहिल्या खर्ड्यात डॉक्टर काठावरच प्रेत पाहून ‘रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान मृत्यू’ असे सांगतात, दुसऱ्या दिवशी डीएनए अहवाल येतो आणि संशयित पोलीस स्थानकात कबुली देतो, तिथे तपास संपतो. हे सगळे फार सहज घडते आहे असे मला वाटते. प्रत्यक्षात कोण येते, काय करते आणि कोणत्या टप्प्यावर अडते, हे जाणकारांनी सांगितल्यास मी प्रकरणे नव्याने लिहीन.

निवृत्त उपनिरीक्षक

आपण निवडलेली जागा फार चांगली आहे, कारण झुआरीचा आगशीकडचा काठ उत्तर गोव्यात आणि पलीकडचा, कुठ्ठाळीचा, दक्षिण गोव्यात येतो. आगशीच्या बाजूला प्रेत मिळाले तर आगशी पोलीस स्थानक कामाला लागते. ती स्त्री प्रत्यक्षात कुठ्ठाळीच्या बाजूने पाण्यात गेली असली तरी सुरुवातीची कार्यवाही जिथे प्रेत मिळाले तिथलेच पोलीस करतात, कारण भरती-ओहोटीने ते कुठून कुठे आले हे त्या सकाळी कोणालाच ठाऊक नसते. हद्दीचा प्रश्न नंतर निघतो, आणि तो कथेत जरूर येऊ द्यावा.

पहिल्या दिवशी खुनाचा गुन्हा नोंद होईलच असे नाही. अंगावर उघड जखम नसेल, तर अनैसर्गिक मृत्यू म्हणून नोंद होते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली मरणोत्तर पंचनामा केला जातो. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू असल्यामुळे आपल्या पात्रांच्या तोंडी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ घालू नये. जुन्या हवालदाराने सवयीने तो आकडा उच्चारला तर मात्र ते खरे वाटेल. लग्नाला सात वर्षे पूर्ण झालेली नाहीत, ही आपण कदाचित सहज लिहिलेली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. अशा स्त्रीच्या मृत्यूबाबत संशय असेल तर चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याने करायची असते, आणि आपल्याकडे ते काम बहुधा मामलेदार किंवा उपजिल्हाधिकारी करतात. म्हणजे नायिका ज्या अधिकाऱ्याची वाट पाहत पावसात उभी राहील तो पोलीस खात्याचा नसेल, माहेरची माणसे आपले म्हणणे त्याच्यापुढे मांडतील, आणि नवऱ्याच्या घरचे त्याच वेळी तिथे असतील. त्या प्रसंगाला एक पूर्ण प्रकरण द्यावे असे मला मनापासून वाटते. खुनाचा गुन्हा नोंद झाल्यावर तपास सहसा निरीक्षकाकडे जातो, त्यामुळे आपली उपनिरीक्षक त्याच्या हाताखाली काम करील.

आता कपड्यांविषयी, कारण बहुतेक कथा इथेच चुकतात. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कोणी प्रयोगशाळेत पाठवत नाही. तसे केले तर बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. ते सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावे लागतात, आणि जूनच्या दमट हवेत त्याला किती वेळ लागतो हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. वाळल्यावर प्रत्येक वस्त्र वेगळ्या कागदी पाकिटात जाते, पाकिटावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लागते, लाखेवर शिक्का उठवला जातो आणि त्याच शिक्क्याचा नमुना वेगळ्या कागदावर उमटवून सोबत जोडला जातो. वेर्ण्याच्या न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेतला माणूस पाकीट हातात घेतो तेव्हा तो सर्वांत आधी ते दोन ठसे जुळवून पाहतो. ठसा पुसट असेल किंवा मुद्देमालाच्या नोंदवहीत एका रात्रीची नोंद नसेल, तर पुढे उलटतपासणीत त्या एका रात्रीवर तासभर प्रश्न विचारले जातात.

न्यायवैद्यक शाखेतली डॉक्टर

काठावर वेळ सांगणारा डॉक्टर आपण काढून टाकावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. थंड देशांत शरीराचे तापमान मोजून काही अंदाज बांधता येतो, पण आपल्याकडे हवेचे आणि जिवंत शरीराचे तापमान यांत फरकच थोडा असतो, आणि शरीर पाण्यात असेल तर तो हिशेब आणखी बिघडतो. मरणोत्तर ताठरता उष्ण हवेत लवकर येते आणि लवकर उतरते. रक्त साकळून त्वचेवर जे जांभळट डाग उमटतात ते वाहत्या पाण्यात कलंडणाऱ्या शरीरावर नीट दिसत नाहीत. त्यामुळे जबाबदार डॉक्टर तासांचा पट्टा सांगेल, तोही शवचिकित्सा झाल्यावर. कोण शेवटचे कुठे दिसले, शेवटचे जेवण कधी झाले, हे पोलिसांनी शोधून आणल्यावरच तो पट्टा अरुंद होत जातो.

प्रेत गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आणले जाईल. पापण्या, ओठ, कानाच्या पाळ्या खेकड्यांनी आणि माशांनी कुरतडलेल्या असतील, आणि नवख्या माणसाला त्या मारहाणीच्या जखमा वाटतील. अशा जखमांच्या कडांना जिवंतपणी होणारा रक्तस्राव नसतो, हे भिंगाखाली आणि ऊतींच्या तपासणीत कळते. तळहातांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली असेल, पण त्याचा अर्थ शरीर पाण्यात होते एवढाच आहे. माणूस जिवंतपणी बुडाला असेल तर नाकातोंडाशी पांढरा, बारीक बुडबुड्यांचा चिकट फेस पुष्कळदा दिसतो, आणि पुसला तरी छाती दाबल्यावर पुन्हा येतो. आपल्या कथेत तो फेस नसेल. तरीही केवळ त्यावरून कोणी ‘खून’ असे लिहीत नाही, कारण प्रेत कुजू लागले की फेस बुडालेल्या माणसातही राहत नाही.

गळ्याची तपासणी हा आपल्या कथेचा कणा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. आधी कवटी आणि छाती उघडून त्यांतले रक्त वाहू दिले जाते आणि गळा सर्वांत शेवटी थर थर करून सोडवला जातो. तसे केले नाही तर कापताना सांडणारे रक्त स्नायूंत झिरपते आणि दाबल्याच्या खुणांसारखे दिसते. कोरड्या झालेल्या गळ्यात एखाद्या स्नायूच्या थरात नाण्याएवढा काळपट डाग दिसला, तर तिथे बोटे रुतली असण्याची शक्यता असते, आणि बाहेरच्या कातडीवर त्या जागी काही दिसत नसले तरी चालते. हायॉइड नावाचे नालाच्या आकाराचे हाड मोडलेलेच असते असे बहुतेक लेखक धरून चालतात. तिशीतल्या व्यक्तीत ते लवचीक असते आणि पुष्कळदा शाबूत राहते, म्हणून ते शाबूत ठेवून आपण वाचकाला काही काळ चुकीच्या वाटेवर नेऊ शकता.

व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, राखून ठेवला जाईल. जठर व त्यातील अन्न एका बरणीत, यकृताचा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग दुसऱ्या बरणीत, मिठाच्या संपृक्त द्रावणात. वापरलेल्या द्रावणाचा नमुनाही वेगळा पाठवतात, नाही तर विष बरणीतच होते असा आक्षेप येतो. मांडीच्या हाडातील मज्जेत डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल सापडते का हेही पाहतात, पण त्यासाठी नदीच्या पाण्याचा नमुना त्याच वेळी घेतलेला हवा. पावसाळ्यात झुआरीचे पाणी गोडे होत जाते आणि त्यातले शैवालही बदलते, त्यामुळे ऑगस्टमध्ये घेतलेला नमुना जूनच्या मृत्यूसाठी निरुपयोगी ठरेल. शिवाय या चाचणीवर तज्ज्ञांचे एकमत नाही. अहवाल येईपर्यंत आमचे मत ‘राखीव’ राहते, आणि त्याला आठवडे काय, महिनेही लागू शकतात.

फोंड्याची लेखिका

मनःपूर्वक आभार. मामलेदारांचा प्रसंग आणि शाबूत राहिलेले हाड, दोन्ही घेते. आता कबुलीचे काय करावे? संशयित तिचा दीर आहे. त्याचा मोबाईल त्या रात्री कुठ्ठाळीच्या टॉवरवर होता, एवढा पुरावा मी ठेवला आहे.

मडगावचा वकील

पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ तसे सांगते. अपवाद एकच आहे. त्याने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेले वाक्य तेवढे ग्राह्य धरले जाते. ‘मी तिची पर्स खाजनाच्या (नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधाखाली टाकली’ यातून पर्स मिळाली तर तेवढे टिकेल, ‘मी तिला मारले’ हे टिकणार नाही. म्हणून पंचांसमोर निवेदन, मग सर्वांनी मिळून त्या जागी जाणे आणि तिथला पंचनामा असा क्रम असतो. हल्ली झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रणही करावे लागते, पण पंच फितूर होण्याची भीती त्याने पूर्ण जात नाही.

खरी कबुली हवी असेल तर ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यासमोर घ्यावी. दंडाधिकारी त्याला आधी सांगतात की कबुली देण्याचे बंधन तुमच्यावर नाही आणि दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. पोलिसांना बाहेर ठेवून विचार करायला वेळ दिला जातो, बहुधा एक दिवस, आणि त्याने नकार दिला तर त्याला पोलीस कोठडीत परत पाठवता येत नाही. दीर त्या एका रात्रीत बदलतो, असे दाखवता येईल. मधल्या काळात तपासावर घड्याळ चालू असते, कारण खुनाच्या प्रकरणात ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि प्रयोगशाळेचा अहवाल तोवर आलेला नसण्याची शक्यता बरीच असते.

निवृत्त उपनिरीक्षक

टॉवरविषयी एक गोष्ट सांगतो. नदीच्या उघड्या पात्रावर आडवे काही नसते, म्हणून आगशीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाचा फोन पलीकडचा कुठ्ठाळीचा टॉवर पकडू शकतो, आणि उलटही घडते. त्यामुळे आपला पुरावा तो नदीच्या परिसरात होता एवढेच सांगेल, कोणत्या काठावर होता हे सांगणार नाही. कंपनीकडून आलेल्या नोंदींसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडलेले हवे. काठ ठरवायचा असेल तर एखाद्या दुकानाच्या कॅमेऱ्यातले चित्रण शोधावे लागेल, आणि ते पहिल्याच दिवसांत मागवायला हवे, कारण साठवण भरली की नवे चित्रण जुन्यावर आपोआप चढते. आपली उपनिरीक्षक अनैसर्गिक मृत्यूची नोंद असतानाच, खुनाचा गुन्हा दाखल होण्याआधी, पुलाच्या दोन्ही टोकांवरच्या दुकानदारांना लेखी पत्र देऊन ते राखून ठेवायला सांगते, असे लिहावे.