पाळी, वर्ग आणि अर्धी राहिलेली कथा

नारायण सुर्वे यांनी गिरणीत राबून आणि महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून काम करून कविता लिहिली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण दिवसाच्या कोणत्या वेळी ती लिहून होत असे, हे सहसा विचारत नाही. नोकरीची वेळ हातात नाही, वर्ग आणि स्वाध्याय टळत नाहीत आणि तरीही लिहायचे आहे, अशा स्थितीत ज्यांनी वर्षे काढली किंवा आज काढत आहेत, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा. वेळापत्रकाचे सल्ले नकोत. काय जमले, काय सुटले, ते हवे आहे.

चाकण, तीन पाळ्या

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर असतो. पाळी दर आठवड्याला फिरते: सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते ११, रात्री ११ ते ७. नेहमीच्या महाविद्यालयात हजेरी भरली नसती, म्हणून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी. ए. करतो. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि अभ्यासकेंद्रावरचे वर्ग रविवारी. सकाळच्या पाळीत वर्ग बुडतो, दुसऱ्या पाळीत अर्धा मिळतो आणि रात्रपाळीनंतर पूर्ण वेळ बसता येते, पण तेव्हा डोळे उघडे राहत नाहीत.

मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो, त्यामुळे लिहिणे कागदावर. बाद मालाला बांधायच्या लाल टॅगपैकी छपाई चुकलेले काही मी पर्यवेक्षकांना विचारून घेतले आहेत. मशीनमध्ये भाग लावून दार बंद केले की साधारण दीड मिनिट मोकळे मिळते आणि एका टॅगच्या मागे पाच-सहा ओळी बसतात. कूलंटचा ओला हात लागला की शाई पसरते, शिसपेन्सिल मात्र टिकते, हे पहिले चार टॅग वाया गेल्यावर कळले. गुरुवारी ते टॅग सतरंजीवर मांडून वहीत उतरवतो. माझ्या कथांमधले परिच्छेद आखूड का असतात, असे एका संपादकांनी विचारले होते. त्याचे कारण हे.

गेल्या परीक्षेला मागितलेली रजा उत्पादनाचा भर आहे म्हणून नाकारली गेली. शेजारच्या मशीनवरच्या दादांनी डबल मारून माझी जागा धरली. सोळा तास उभे राहिल्यावरही त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पेपर कसा गेला हाच. त्या दिवसापासून स्वाध्याय राहिला असताना कथा लिहायला बसणे मला जमत नाही. आधी स्वाध्याय, मग टॅग.

डोंबिवली, रुग्णालयात स्वागतकक्ष

चाकणच्या दादांना दीड मिनिट तरी मिळते, याचा मला खरोखर हेवा वाटला. माझ्या काउंटरवर सलग अर्धे मिनिटही मोकळे नसते आणि सकाळच्या जलद गाडीत महिलांच्या डब्यात हात वर काढण्याइतकीही जागा नसते. एम. ए.चा अभ्यास रात्री, मुलगा झोपल्यावर. म्हणून कादंबरी सोडून मी कवितेकडे वळले, कारण कविता डोक्यात धरून ठेवता येते. ठाण्यापर्यंत दोन ओळी जुळवायच्या, घाटकोपरपर्यंत त्या घोळवायच्या आणि दादरला उतरल्यावर पुलाच्या कठड्याशी थांबून लिहून काढायच्या. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायकांचे हात असेच गुंतलेले असत आणि बहिणाबाईंचे काव्यही सोपानदेवांनी उतरवून घेतले म्हणून आपल्यापर्यंत आले. मला उतरवून घेणारे कोणी नाही. गर्दीने पुलावर थांबू दिले नाही, तर त्या दिवसाच्या ओळी जातात. त्या परत आठवत नाहीत आणि त्याचे दुःख संध्याकाळपर्यंत पुरते.

मडगाव, हॉटेलातील रात्रपाळी

डिसेंबर आणि जानेवारीत मी एक अक्षर लिहीत नाही, कारण हंगामात रजा नाही आणि त्यातच अंतर्गत परीक्षा येतात. पूर्वी मला याचा अपराधी भाव वाटे. आता पावसाळ्यात पहाटे तीननंतर काउंटरवर शांतता असते, तेव्हाच लिहितो.

मुंबई, निवृत्त

डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरदारांना सोयीचे सकाळचे वर्ग भरत, म्हणून मी शिकू शकलो. वर्गातून तडक कचेरीत जायचे, उशीर झाला की हजेरीपुस्तकात लाल खूण व्हायची आणि तीन खुणांना एक रजा कापली जायची. एका दिवाळी अंकासाठी तेव्हा एक दीर्घकथा हाती घेतली होती. जूनपर्यंत द्यायची होती. एप्रिलमध्ये परीक्षा आली आणि मी कथा बाजूला ठेवली. पदवी मिळाली, बढतीही मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. निवृत्तीनंतर ती वही ट्रंकेतून काढून सलग वाचली. माणसे सगळी ओळखीची वाटली. त्यांचे पुढे काय करायचे ठरवले होते, ते मात्र काही केल्या आठवले नाही.