प्रोसेसर म्हणजे नुसता कागद गोळा करणारा?
वर कुणीतरी म्हटलंय की लोन प्रोसेसर, म्हणजे ब्रोकरसाठी गृहकर्जाची फाईल तयार करणारा, हा नुसता कागद गोळा करणारा माणूस, ते काम ब्रोकर स्वतःच करेल, कशाला वेगळी फी. दोन-चार फायली असतील तर करेलही. पण खरं काम गोळा करण्यात नाहीच, अंडररायटर (कर्ज मंजूर करायचं की नाही ते ठरवणारा) काय विचारणार हे आधी ओळखण्यात आहे. बँक स्टेटमेंटमध्ये मध्येच मोठी रक्कम दिसली की ती कुठून आली याचं पत्र आणि पुरावा फाईल पाठवायच्या आधीच मागून ठेवायचा, नाहीतर कंडिशन लागते (म्हणजे तो कागद दिल्याशिवाय मंजुरी अडते), दिवस जातात, तेवढ्यात रेट लॉक (ठरलेला व्याजदर कायम राहण्याची मुदत) संपत येतो आणि मुदतवाढीचे पैसे कोणी भरायचे यावरून ब्रोकर आणि क्लायंटची जुंपते.

आणि एक मुद्दा इथे कुणी काढलाच नाही, अमेरिकेत गृहकर्जवाल्यांच्या लायसन्सचा कायदा असलेल्या २००८ च्या सेफ अ‍ॅक्टप्रमाणे लायसन्स नसलेल्या प्रोसेसरला क्लायंटशी व्याजदर किंवा अटींची बोलणी करता येत नाही. पगारी असेल तर तो लायसन्सवाल्या ओरिजिनेटरच्या (क्लायंटकडून कर्जाचा अर्ज घेणाऱ्या, अटींची बोलणी करणाऱ्या माणसाच्या) देखरेखीखाली काम करतो, पण स्वतंत्र कंत्राटी असेल तर त्याला स्वतःचं लायसन्स लागतं. त्यामुळे बाहेरचा स्वस्तातला प्रोसेसर पकडताय ना, मग आधी एनएमएलएसवर (या लायसन्सांची नोंद जिथे असते तिथे) त्याचं नाव बघा, फीची घासाघीस नंतर.