आठवीचा चित्रकलेचा तास गणिताला दिला. नाशिककरांनो, पटतंय का?

गोदाकाठची आई:
मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत ठरलं: आठवीपासून चित्रकला आणि कार्यानुभवाचे तास गणिताला. सगळ्यांनी हात वर केले, मी एकटीने नाही. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या 2023च्या नोकऱ्यांवरच्या अहवालात कंपन्यांना हव्या असलेल्या मुख्य कौशल्यांत पहिला विश्लेषणात्मक विचार, दुसरा सर्जनशील विचार. मग दुसऱ्याचा गळा घोटून पहिलं कसं वाढणार?
गेल्या महिन्यात मुलगी गोंद न लावता बंद होणारी पुठ्ठ्याची पेटी करत होती. तीनदा फसली. चौथ्यांदा तिने खाच उलट्या बाजूने कापली आणि झाकण बसलं. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. हा तास मला वाया गेलेला वाटत नाही.

अंबड वर्कशॉप:
ताई, राग मानू नका, पण मी पालक असतो तर हात वर केला असता. माझं छोटं जॉबवर्क आहे, गाड्यांचे सुटे भाग. ड्रॉइंगवर 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलं की 20च. मागे एका नव्या पोराने स्वतःचं डोकं चालवून फीड, म्हणजे हत्यार पुढे सरकायचा वेग, वाढवला. फिनिश गेलं, अख्खा लॉट रिजेक्ट, भुर्दंड माझ्या खिशातून. व्हर्नियर बिनचूक वाचणारा मुलगा शोधून मिळत नाही. आधी ते शिकवा.

दिंडोरीचा बागायतदार:
दादा, नुकसान आम्हालाही कळतं. द्राक्षाच्या गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, एक दिवस चुकला तरी वर्षाचा हिशेब बिघडतो. पण तास-ए-गणेश हे वाण आलं कुठून? तासगावकडच्या शेतकऱ्याने थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या बागेत वेगळा वेल हेरला, जपला, वाढवला. बाकीच्यांनी तो घडासकट बाजारात पाठवला असता. माझे वडील शेवटच्या दोन ओळी नेहमी प्रयोगाला ठेवायचे. काडी किती डोळ्यांवर कापायची, घडात मणी किती ठेवायचे, सगळं आधी तिथे. फसलं तर दोन ओळी गेल्या, बाग नाही. तुमच्या पोराची चूक डोकं चालवण्यात नव्हती, चालत्या लॉटवर चालवण्यात होती. त्याला दोन ओळी कुणी दिल्या होत्या?

अंबड वर्कशॉप:
बाग तुमची, निर्णय तुमचा. मी गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगला बांधलेला. आणि सर्जनशीलतेचं एवढं कौतुक करतो आपण, पण दादासाहेब फाळके आपल्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. शेवटची वर्षं हलाखीत काढून 1944 साली नाशिकातच गेले. कल्पना होती, पैसा टिकला नाही. आठवीतल्या मुलांना त्या वाटेला लावायचं?

गोदाकाठची आई:
फाळक्यांचंच घ्या. 1912 साली भांडवल कुणी देईना, तेव्हा त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ थोडी थोडी करून चित्रित केली आणि पडद्यावर अंकुर सरसर वर येताना दाखवला. ते पाहून पैसा उभा राहिला, सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले. त्याआधी ते चित्रकला शिकले होते, फोटोग्राफी केली होती, छापखाना चालवला होता. हातातलं कसब होतं म्हणून कल्पना पडद्यावर आली. त्यांची हलाखी हा कल्पनेचा दोष कसा? अशा माणसाला सांभाळेल अशी व्यवस्था आपण उभी केली नाही. मला तीच हवी आहे, आणि ती शाळेपासून सुरू होते.
तुम्हाला एक विचारते. तुमच्या शॉपमध्ये जॉब पकडायचं एखादं फिक्स्चर कामगाराने स्वतः सुचवलेलं आहे का?

अंबड वर्कशॉप:
आहे. एका जुन्या ऑपरेटरने केलेलं. पार्ट उलटा बसतच नाही, पिन आडवी येते. त्याआधी रात्रपाळीत हमखास दोन-चार उलटे लागायचे. पण त्याने आधी पंधरा वर्षं लेथवर काढली होती, हे विसरू नका.

दिंडोरीचा बागायतदार:
आणि त्या पंधरा वर्षांत त्याला कुणी "तू फक्त बटण दाब" असं म्हटलं नव्हतं ना?

अंबड वर्कशॉप:
नाही म्हटलं. ... कोपऱ्यात जुना लेथ पडून आहे, बारचे तुकडेही आहेत. नव्या पोरांना आठवड्यातून एक तास तिथे सोडून बघतो. लॉटला मात्र कुणी हात लावायचा नाही. आणि ताई, मी अजूनही गणिताच्याच बाजूने आहे. चित्रकलेचा तास परत मागा, पण त्यात मुलीच्या हातात पट्टी आणि कोनमापक द्या.