ग्रुप मेडिक्लेमचा प्रीमियम वाढलाय, वेलनेस प्रोग्रॅमने खरंच कमी होतो का?

काजूकर_कुडाळ:
नमस्कार मंडळी. कुडाळला काजू फॅक्टरीत अकाउंट्स आणि पगारपत्रक बघतो. ६४ माणसं आहेत, त्यात ५० च्या वर बायका. ग्रुप मेडिक्लेमचा प्रीमियम गेल्या वर्षी ४ लाख १० हजार होता, यंदा ५ लाख ६० मागतायत, क्लेम जास्त गेले म्हणे. ब्रोकर म्हणतो वेलनेस प्रोग्रॅम घ्या, माणशी वर्षाला ९०० रुपये, मोबाईलवर ॲप, रोजची पावलं मोजायची, ऑनलाइन योगा, मग पुढच्या वर्षी प्रीमियम उतरेल. नाहीतर आईवडिलांचं कव्हर काढू असं मालक म्हणतायत, ते मला अजिबात पटत नाहीये, कितीतरी जणींच्या घरातल्या म्हाताऱ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं ह्याच पॉलिसीतून झालीत. कोणाला अनुभव आहे का?

विमावाला_रत्नागिरी:
१७ वर्षं हेच काम करतोय म्हणून स्पष्ट सांगतो, "पुढच्या वर्षी उतरेल" हे लेखी मागा, मिळणार नाही. रेट मुख्यतः क्लेम रेशोवर ठरतो, म्हणजे १०० रुपये प्रीमियममधले किती क्लेममध्ये गेले. ६४ माणसांत एक बायपास आणि दोन सिझेरियन झाली की रेशो गेलाच, पावलं मोजून त्याला काय होणार. अमेरिकेत २०१९ मध्ये ह्यावर मोठा अभ्यास छापून आला, एका रिटेल कंपनीचे जवळपास ३३ हजार कर्मचारी, १६० दुकानं, त्यातली २० चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून तिथे प्रोग्रॅम चालवला. दीड वर्षाने लोक म्हणाले आम्ही व्यायाम जास्त करतो, पण बीपी, कोलेस्टेरॉल, उपचारांचा खर्च, रजा, कशातच म्हणण्यासारखा फरक नाही. २०१० मध्ये मात्र एका डॉलरमागे तीन डॉलर वाचतात असा निष्कर्ष आला होता, दोन्हीकडे दोन संशोधक तेच होते आणि त्यांनी नवा निकालही तसाच छापला ह्याचं मला कौतुक वाटतं.
तुम्ही आधी टीपीएकडून (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारी एजन्सी) आजारवार क्लेमचा तपशील मागवा. आईवडिलांच्या क्लेमवर १० टक्के को-पे लावा, म्हणजे बिलाचा तेवढा वाटा त्यांनी भरायचा, कव्हर काढण्यापेक्षा ते बरं. मोठं काही निघालं तर महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत होतंय का तेही बघत जा.

मालवणचो_झिल:
आमच्याकडे असलाच ॲप घेतलेला. ७० माणसांत ऑफिसातले आठ जण वापरीत, बायकांचो मोबाईल घराक पोरांकडे. दुसऱ्या वर्षाक बंद केला.

सिस्टर_सावंतवाडी:
काजू म्हटल्यावर लिहावंसं वाटलं. टरफलाच्या तेलाने ह्या बायकांचे हात भाजतात, कातडी सोलते, दिवसभर कटिंग मशीनवर पाय मारून गुडघे आणि कंबर जाते. पहाटे पाचला उठलेल्या बाईला पावलं मोजायला काय सांगायची? ६४ गुणिले ९०० म्हणजे ५७ हजार झाले, त्यात हातमोजे, पाठीला टेकण असलेल्या खुर्च्या, वर्षातून दोनदा बीपी, शुगर, हिमोग्लोबिन सगळं होईल. रिपोर्ट फक्त त्या बाईच्या हातात द्या, मालकाकडे जातो कळलं तर कोणी हात पुढे करणार नाही.
आणि भातलावणीच्या दिवसांत तापावर लक्ष ठेवा प्लीज. पॅरासिटामॉल घेत घरी बसतात. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यात घाण पाण्यातून होणारा ताप) असेल आणि सुरुवातीलाच सरकारी दवाखान्यात आली तर बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांवर भागतं, उशीर झाला की किडनीवर जातं आणि मग गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पळापळ.

काजूकर_कुडाळ:
तपशील आला. १४ क्लेम, पण निम्म्याहून जास्त पैसा दोनच केसना गेलाय, एक अँजिओप्लास्टी आणि एक लेप्टो. लेप्टोवाली आमची सोलणीवरचीच, पाच दिवस ताप अंगावर काढला तिने, पहिले तीन दिवस तर कामावर येत होती कारण रजा घेतली की पगार कापला जातो, आणि नंतरचे दिवस बिनपगारी मीच लावले होते. ते वाचून रात्री झोप लागली नाही.
आज मालकांना सांगितलं, पावसाळ्यात ताप आला तर दोन दिवस भरपगारी रजा आणि दवाखान्यात न्यायला फॅक्टरीची गाडी. को-पे ठीक आहे म्हणाले, आईवडिलांचं कव्हर राहतंय. रजेचं सोमवारी कळवतो म्हणाले. सिस्टर, तपासणीला कोणाला बोलवायचं ते सांगाल का?